गेले किती, उरले किती?

(किकवी, ता. भोर येथे विद्यार्थी व पालकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा कार्यक्रम गुणगौरवाचा आहे. ज्यांची नावे आत्ता पुकारली गेली, ज्यांनी इथे येऊन पुष्पगुच्छ आणि प्रशस्तिपत्र स्वीकारले, त्या सर्वांचे मी मनापासून अभिनंदन करतो. परंतु टाळ्यांचा गजर चालू असताना माझे लक्ष मंडपाच्या मागच्या बाजूला होते. तिथे खांबाला टेकून काही मुले उभी आहेत. त्यांची नावे पुकारली गेली नाहीत. काही मुले तर आज घरातून बाहेरच पडली नसतील. आजचे माझे बोलणे मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. ज्यांचा सत्कार झाला त्यांनीही ते ऐकून ठेवावे, कारण त्यांच्यावरही हा प्रसंग कधीतरी येणार आहे.

हा विषय मी का निवडला, हे प्रारंभीच सांगतो. १९८६ साली दहावीच्या परीक्षेत मी गणितात नापास झालो. हातात गुणपत्रिका घेऊन मी घरी आलो तेव्हा वडील गोठ्यात होते. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि सगळे ओळखले. पण त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "किती सुटले?" मी म्हणालो, "आबा, पाच सुटले, गणित राहिलं." त्यावर ते इतकेच म्हणाले, "मग पाच धरून बस. राहिल्याचं ऑक्टोबरात बघू." आणि ते पुन्हा वैरण टाकायला लागले.

त्या काळी 'ऑक्टोबर' हा शब्द नापासांच्या कपाळावरचा शिक्का होता. आता दहावीची फेरपरीक्षा जून-जुलैत होते. २०१५ पासून ही सोय झाली आणि मुलांचे वर्ष वाचू लागले, ही चांगली गोष्ट आहे. पण माझे वर्ष वाचवले ते आबांच्या प्रश्नाने. 'किती राहिले' हे त्यांनी आधी विचारले असते, तर मी आज इथे उभा असतो की नाही, मला ठाऊक नाही. त्या प्रश्नाचे मोल मला पुढे पुष्कळ वर्षांनी कळले, आणि ते कळले ते इतिहास वाचताना.

पायरी आणि चढणारा

अपयश ही यशाची पहिली पायरी आहे, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेच्या भिंतीवर वाचले आहे. मला या वाक्याविषयी थोडी तक्रार आहे. पायरी कोणालाही आपण होऊन वर नेत नाही. पायरीवर माणूस बसूनही राहू शकतो, घसरून खालीही पडू शकतो. आयुष्यात अपयश आले आणि त्यातून काहीही न शिकता माणसे कडवट झाली, व्यसनाला लागली, जगाला दोष देत राहिली, अशी उदाहरणे प्रत्येक गावात आहेत. तेव्हा अपयश आले म्हणजे माणूस मोठा होतो असे नव्हे. अपयशाचा हिशेब ज्याला मांडता येतो, तो मोठा होतो.

हा हिशेब तीन प्रश्नांचा आहे. गेले काय? उरले काय? चुकले काय? यातील कोणताही प्रश्न गाळला तर हिशेब जुळत नाही. केवळ 'गेले काय' एवढेच विचारत बसलो तर माणूस खचतो. केवळ 'उरले काय' एवढेच पाहिले तर तो स्वतःची समजूत घालत राहतो. आणि 'चुकले काय' हा प्रश्न टाळला, तर तीच चूक पुढच्या वर्षी पुन्हा समोर येऊन उभी राहते.

तेवीस गेले, बारा उरले

हा हिशेब कसा मांडावा, हे शिकण्यासाठी किकवीकरांना फार दूर जायला नको. आपल्या ईशान्येला पुरंदर आणि वज्रगड ही जोडी आहे. नैर्ऋत्येला भोरजवळ रोहिडा आहे. पश्चिमेला वेल्ह्याकडे राजगड आणि त्याच्या पलीकडे तोरणा आहे. या किल्ल्यांचा विजयाचा इतिहास आपण पोवाड्यांतून ऐकतो. त्यांचा पराभवाचा इतिहासही तितकाच वाचनीय आहे, आणि तो आपण मुलांना क्वचितच सांगतो.

१६६५ साली मार्चअखेरीस मिर्झाराजे जयसिंह आणि दिलेरखान यांनी पुरंदराला वेढा घातला. एप्रिलच्या मध्यात वज्रगड पडला. वज्रगड पडला म्हणजे पुरंदराच्या माचीवर तोफा डागायला उंच जागा शत्रूच्या हाती आली. मुरारबाजी देशपांडे निवडक मावळे घेऊन दिलेरखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि धारातीर्थी पडले. त्यांच्यामागे गड झुंजतच राहिला. पण मोगलांच्या तुकड्या एकीकडे गावे जाळत, मुलूख उद्ध्वस्त करत होत्या. गड आणखी काही आठवडे झुंजला असता; रयतेत मात्र आणखी काही आठवडे सोसण्याचे बळ उरले नव्हते.

अशा वेळी शिवछत्रपतींनी काय केले? ११ जून १६६५ रोजी ते स्वतः जयसिंहाच्या छावणीत गेले आणि त्यांनी तह केला. तहातली कलमे आठवा. चार लाख होन उत्पन्नाच्या मुलखासह तेवीस किल्ले मोगलांना दिले गेले. एक लाख होनांच्या मुलखासह बारा किल्ले महाराजांकडे राहिले. दिलेल्या किल्ल्यांत पुरंदर होता, कोंढाणा होता, आपला रोहिडाही होता. राखलेल्या बारांत राजगड आणि तोरणा होते.

त्या वेळी महाराजांचे वय ३५ वर्षांचे होते. वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षापासून जे उभारले, त्याचा दोनतृतीयांश भाग एका कागदावर सोडून द्यायचा, हे अपयश लहान नव्हते. त्या काळी कोणी गुणपत्रिका दिली असती, तर पस्तीसपैकी बारा, म्हणजे काठावर नापास, असाच शेरा पडला असता! पण महाराजांनी पुढे काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी गेलेल्या तेवीस किल्ल्यांचा शोक केला असेलही. तो इतिहासाने नोंदवलेला नाही. नोंदवलेले आहे ते हे की, त्यांनी राखायचे ते नेमके राखले. राजगड म्हणजे राजधानी. ती हातची जाऊ दिली नाही. रायगड राखला, तोच पुढे राजधानी झाला आणि तिथेच ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला. माणसे राखली, सैन्याचा गाभा राखला आणि पुढची वेळ राखली.

मित्रहो, शेवटच्या माणसापर्यंत लढणे हे शौर्य आहेच. पण ज्याच्यावर हजारो घरांची जबाबदारी असते, त्याला आणखी एक अवघड गोष्ट साधावी लागते. बारा किल्ले हातात असतानाच थांबायचे, ते बाराही जाईपर्यंत वाट पाहायची नाही. तहावर शिक्का उमटवताना महाराजांना झालेल्या यातना आपण कल्पनेनेच जाणू शकतो. त्या यातनांपेक्षा त्यांना स्वराज्य मोठे वाटले, यातच त्यांचे मोठेपण आहे.

पुढे १६६६ साली आग्र्याचा प्रसंग झाला. १७ ऑगस्टला ते तिथून निसटले. स्वराज्यात परतल्यावर त्यांनी लगेच सूड उगवायला घोडदळ सोडले नाही. १६६७ ते १६६९ ही वर्षे आपल्या शालेय पुस्तकांत दोन ओळींत संपतात. पण त्याच वर्षांत मुलखाची घडी बसवली गेली, महसुलाची आणि किल्ल्यांची व्यवस्था लावली गेली. आणि मग १६७० उजाडले. ४ फेब्रुवारीला तानाजी मालुसरे यांच्या बलिदानाने कोंढाणा परत आला. ८ मार्चला पुरंदर आला. २४ जूनला आपला रोहिडा आला. पाच वर्षांपूर्वी एका दिवसात सोडलेले किल्ले काही महिन्यांच्या अवधीत एकामागून एक परत आले. त्या 'काही महिन्यां'च्या मागे तीन वर्षांची शांत तयारी होती.

पन्हाळ्याने काय शिकवले

आता तिसरा प्रश्न, 'चुकले काय?' याचे उत्तर पन्हाळ्यावर मिळते.

पुरंदरच्या तहानंतर महाराज आदिलशाहीविरुद्धच्या मोहिमेत जयसिंहाबरोबर होते. १६ जानेवारी १६६६ च्या पहाटे त्यांनी पन्हाळ्यावर अचानक हल्ला चढवला. किल्लेदार सावध होता. हल्ला फसला, सुमारे एक हजार माणूस कामी आले आणि महाराजांना विशाळगडाकडे माघार घ्यावी लागली. सरनौबत नेताजी पालकर कुमक घेऊन वेळेवर पोहोचले नाहीत, म्हणून त्यांना पदावरून दूर करण्यात आले, असे बखर सांगते.

त्यानंतर सात वर्षे गेली. ६ मार्च १६७३ च्या रात्री तोच पन्हाळा पुन्हा स्वराज्यात आला. या वेळी गडावर चढले ते कोंडाजी फर्जंद आणि त्यांचे साठ निवडक गडी. अण्णाजी दत्तो यांनी आधी गडाची माहिती काढली होती. जिथे हजार माणसे गमावूनही गड मिळाला नव्हता, तिथे साठ माणसांनी तो घेतला.

गड तोच, तटबंदी तीच. पहिल्या खेपेला अचानकपणावर भिस्त होती आणि गडावरचे लोक जागे होते. दुसऱ्या खेपेला आतली बातमी आधी मिळवली, माणसे थोडी नेली आणि ती पारखून नेली. पहिल्या हल्ल्यात कामी आलेल्या हजार जणांनी जे शिकवले, ते वाया जाऊ दिले नाही. एरवी पुन्हा दीड-दोन हजार माणसे घेऊन त्याच वाटेने चढता आले असते. आपल्यापैकी किती जण परीक्षेच्या दुसऱ्या प्रयत्नाला तीच पुस्तके, तीच पद्धत आणि तोच मित्रांचा कट्टा घेऊन जातात, याचा विचार ज्याने त्याने करावा. प्रयत्नांची संख्या वाढवणे म्हणजे प्रयत्न सुधारणे नव्हे.

चंद्राच्या वाटेवर

ही रीत केवळ जुन्या काळाची आहे, असे कोणाला वाटू नये. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे सारा देश जागा होता. चांद्रयान-२ चा विक्रम हा अवतरक चंद्राच्या पृष्ठभागाजवळ पोहोचून कोसळला. शाळकरी मुलांच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी होते. पुढे २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवीय प्रदेशाजवळ अलगद उतरले. हे आपण सर्वांनी पाहिले, पण मधल्या चार वर्षांत काय झाले हे फार थोड्यांनी वाचले.

इस्रोच्या शास्त्रज्ञांनी अपयशाचे कारण तुकड्यातुकड्याने शोधले. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त रेटा दिला होता, चुका एकात एक मिसळत गेल्या होत्या आणि उतरण्यासाठी ठरवलेली जागा फारच लहान होती. पहिल्या वेळी ती ५०० मीटर लांब आणि ५०० मीटर रुंद होती. दुसऱ्या वेळी ती ४ किलोमीटर लांब आणि २.४ किलोमीटर रुंद केली गेली. यानाचे पाय अधिक मजबूत केले, इंधन वाढवले. इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी यामागचा विचार सांगितला होता. सगळे सुरळीत झाले तर काय करायचे, याऐवजी काय काय बिघडू शकते आणि ते बिघडले तरी यान कसे वाचवायचे, या प्रश्नापासून त्यांनी आखणीला सुरुवात केली.

यातली 'जागा मोठी केली' ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्या मुलांना उतरायला आपण किती लहान जागा ठेवतो! डॉक्टर किंवा इंजिनिअर, नाहीतर कलेक्टर. त्या चौकोनाच्या बाहेर जो उतरला, तो कोसळला, असे आपण परस्पर ठरवून टाकतो.

माझ्या हातून झालेली चूक

आता माझे एक अपयश सांगतो. गणितात नापास होण्याची गोष्ट मी आज हसत सांगू शकतो. ही गोष्ट हसत सांगता येत नाही.

पत्रकारितेतली माझी ती पहिली काही वर्षे होती. दुसऱ्या एका तालुक्यात मी बातमीदार होतो. तिथल्या एका लहान सहकारी संस्थेच्या हिशेबात तफावत असल्याचे मला दोघांनी सांगितले. दोघेही वजनदार होते, कागद दाखवत होते. मी संस्थेच्या सचिवावर ठपका ठेवणारी बातमी लिहिली. ती ठळकपणे छापून आली. माझे नाव झाले. चार दिवस लोक मला रस्त्यात थांबवून शाबासकी देत होते.

तीन आठवड्यांनी कळले की, ती तफावत एका वहीतली रक्कम दुसऱ्या वहीत चढवताना झालेली चूक होती. सचिवाचा तिच्याशी संबंधच नव्हता. आम्ही खुलासा छापला. आतल्या पानावर, दोन ओळींचा. मी त्या गृहस्थांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीने मला पाणी दिले आणि त्या आत निघून गेल्या. ते गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "बातमी लिहायच्या आधी माझं घर तुम्हाला सापडलं नव्हतं का?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. त्या दिवसापासून माझ्या वहीच्या पानावर मी मधोमध एक उभी रेघ मारतो. डाव्या बाजूला आरोप, उजव्या बाजूला ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे. उजवी बाजू कोरी असेल तर बातमी लिहायची नाही. गेली तीस वर्षे हा नियम मी पाळत आलो आहे. त्यामुळे अनेक बातम्या माझ्याआधी इतरांनी छापल्या, आणि त्याचे मला दुःख झाले नाही.

लोक म्हणतील, पाहा, अपयशाने तुम्हाला चांगला पत्रकार केले. मी ते मान्य करतो. पण त्या अपयशाचे आभार मात्र मी मानू शकत नाही. कारण शिकलो मी आणि किंमत दिली त्या गृहस्थांनी. अपयशाचे गोडवे गाणाऱ्यांनी हे विसरू नये. पुरंदरचा धडा मुरारबाजींच्या रक्ताने लिहिला गेला, पन्हाळ्याचा धडा हजार घरांनी दिला. आपल्या अपयशाची किंमत दुसरा कोणी देत असेल, तर 'मी यातून शिकलो' एवढे म्हणून आपली सुटका होत नाही. जे शिकलो ते रोज पाळणे, एवढीच त्याची परतफेड आपल्या हातात असते.

पाचशेऐंशींत एक

शेवटी, या गावातल्या आणि या पंचक्रोशीतल्या तरुणांविषयी बोलायचे आहे. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात खोली घेऊन राहिलेला मुलगा किंवा मुलगी आज जवळपास प्रत्येक गावात आहे. त्यांची चिकाटी मी जवळून पाहिली आहे. अभ्यासिकेतली सकाळ, मेसचा डबा, रात्री घरी फोन, आणि फोनवर आईचा ठरलेला प्रश्न, "निकाल कधी?"

आकडे काय सांगतात पाहा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ सालच्या नागरी सेवा परीक्षेला सुमारे ५ लाख ९२ हजार उमेदवार प्रत्यक्ष बसले. अंतिम यादीत नावे आली १,०१६ जणांची. म्हणजे साधारण ५८० जणांमागे एक. उरलेले ५७९ सगळे आळशी होते, अपात्र होते, असे कोण म्हणेल? जागाच तेवढ्या होत्या. या निकालाने त्यांच्याविषयी एवढेच सांगितले की, त्या वर्षी त्या यादीत त्यांचे नाव नव्हते. माणूस म्हणून ते किती लायकीचे आहेत, हे सांगण्याचा अधिकार त्या यादीला नाही.

आपल्या गावावरून जाणाऱ्या महामार्गाने साताऱ्याला पोहोचायला आज तास-दीड तास पुरतो. १८७५ साली कोकणातल्या मुरुडचा एक मुलगा परीक्षेसाठी शंभर मैलांहून अधिक अंतर घाट चढून, पायी चालून त्याच साताऱ्याला गेला. परीक्षेसाठी सतरा वर्षे पूर्ण असणे आवश्यक होते. त्याचे वय भरत होते. पण तो चणीने लहान होता. तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, असे म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. त्या मुलाचे नाव धोंडो केशव कर्वे. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले आणि १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. साताऱ्याच्या त्या परीक्षकांना समोरच्या मुलाचे वयसुद्धा ओळखता आले नाही, मग त्याचे भविष्य त्यांना कुठून दिसणार?

मात्र इथेच मला एक अवघड गोष्टही सांगितली पाहिजे. प्रत्येकाने शेवटच्या प्रयत्नापर्यंत लढत राहावे, असा उपदेश मी करणार नाही. वय वाढते, वडिलांची शिल्लक संपते, शरीर थकते. अशा वेळी बारा किल्ले हातात असताना तह करणे हा पळपुटेपणा नाही. तुमचे बारा किल्ले कोणते, ते कागदावर लिहून काढा. तुमचे शिक्षण, तुमचे आरोग्य, चार वर्षे वाचून आलेली समज, घरची जमीन, आई-वडिलांचे प्रेम. परीक्षा हा एक किल्ला होता. स्वराज्य त्याहून मोठे आहे. पुढे काय करायचे, शिरवळच्या कारखान्यात नोकरी की शेतीतला नवा प्रयोग की स्वतःचा व्यवसाय, हे सावकाश ठरवता येईल. आधी राजगड राखा.

परतीचे दार

आणि पालकहो, तुमच्याशी दोन शब्द. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातल्या १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत सर्वाधिक संख्या आपल्या महाराष्ट्रातली होती. प्रत्येक आत्महत्येमागे परीक्षाच होती असे नाही, कारणे अनेक असतात. पण त्यांतल्या कित्येक मुलांना, हरल्यावर घरी परतता येईल, असे वाटले नसेल. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या महाराष्ट्राला हा आकडा झोप लागू देणारा नाही.

पन्हाळ्यानंतर पदच्युत झालेले नेताजी पालकर प्रथम आदिलशाहीत आणि मग मोगलांकडे गेले. १६६७ साली त्यांचे धर्मांतर झाले, नाव बदलले, काबूलकडच्या मोहिमांवर त्यांची रवानगी झाली. पण नऊ वर्षांनी, १६७६ साली, ते परत आले. महाराजांनी त्यांना पुन्हा आपल्यात घेतले, स्वधर्मात घेतले. ज्याने ऐन वेळी चूक केली, जो शत्रूच्या गोटात गेला, त्यालाही त्या माणसाने दार उघडले. आपल्या पोटच्या मुलाने तर केवळ एक परीक्षा गमावलेली असते! घरातले कोणी बराच काळ गप्प राहू लागले, जेवणावरची वासना उडाली, तर 'नाटक करतो' म्हणू नका. त्याच्याजवळ बसा, गरज पडली तर डॉक्टरांकडे न्या. आणि पाहुण्यांसमोर त्याच्या निकालाची चर्चा करू नका.

मागे खांबाला टेकून उभ्या असलेल्या मुलांना माझे सांगणे एवढेच, की उद्या सकाळी वहीचे एक पान घ्या आणि तीन प्रश्न लिहा. गेले काय, उरले काय, चुकले काय. उत्तरे खरी लिहा, कोणाला दाखवायची नाहीत. आणि ज्यांच्या घरी असा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर त्यांना फक्त एवढे विचारावे, "किती सुटले?"

गोठ्यात वैरण टाकता टाकता विचारलेल्या त्या प्रश्नावर मी चाळीस वर्षे चाललो आहे. आबा आज नाहीत. तो प्रश्न मी तुमच्या हाती देऊन थांबतो.